प्रस्ताव चांगला, तरी पुन्हा नामंजूर: शेऱ्यामागचं खरं दुखणं कसं ओळखायचं

ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता पुढचं वाक्यही मला सांगता येतं. संशोधनासाठी अनुदान मागणारा प्रस्ताव पहिल्यांदा पाठवला, परीक्षकांचा शेरा आला: "पद्धतीचा तपशील अपुरा." मग पद्धतीची चार पानं वाढवली. दुसऱ्यांदा शेरा आला: "व्याप्ती फार मोठी, तीन वर्षांत होणार नाही." मग एक उद्दिष्ट काढून टाकलं. तिसऱ्यांदा: "नावीन्य मर्यादित." आता माणूस हतबल होतो. प्रत्येक वेळी सांगितलं ते सगळं केलंय, आणि तरी अनुदान मिळत नाही.

माझंही असंच झालं होतं. पुढे परीक्षकांच्या बाजूला बसून दुसऱ्यांचे प्रस्ताव वाचायला लागलो, तेव्हा त्याचं कारण कळलं. परीक्षक शेऱ्यात जी जागा दाखवतो, ती तो वाचताना जिथे अडखळला ती जागा असते. चूक तिथे असेलच असं नाही. बऱ्याचदा ती दोन-तीन पानं आधीच होऊन गेलेली असते. पद्धतीच्या पानावर अडलेल्या वाचकाला मुळात प्रश्नच नीट कळलेला नसतो, आणि आपण शेरा वाचून पद्धतीलाच मलमपट्टी करत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून खाली नेहमी येणारे शेरे घेतलेत आणि त्यांच्या मागे सहसा काय निघतं ते लिहिलंय. यातल्या एकाच शेऱ्यावर मी बराच वेळ घेणार आहे, कारण निम्म्याहून अधिक दुखणी मला तिथेच सापडली आहेत.

आधी हे बघा: प्रस्ताव वाचला गेला होता का?

नामंजुरीच्या पत्रात ना गुण, ना शेरे, असं असेल तर प्रस्ताव बहुधा छाननीतच बाहेर पडलाय. पानांची मर्यादा ओलांडली, अक्षरं ठरवून दिल्यापेक्षा लहान ठेवली, संस्थाप्रमुखांची सही राहिली, असल्या कारणांनी हे होतं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये प्रकल्पाच्या वर्णनाला सर्वसाधारणपणे १५ पानं मिळतात, आणि एका पानाच्या सारांशात बौद्धिक गुणवत्ता व व्यापक परिणाम या दोन्हींवर वेगवेगळा मजकूर असावाच लागतो. नियम मोडला तर प्रस्ताव परीक्षकांपर्यंत न जाता परत येऊ शकतो.

माझा एक प्रस्ताव असाच परत आला होता. एका सह-संशोधकाचं परिचयपत्र जुन्या नमुन्यात जोडलं गेलं होतं. कित्येक महिन्यांच्या कामातली एक ओळही कुणी वाचली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी एक करतो. मुदतीच्या तीन दिवस आधी, ज्याने प्रस्ताव लिहिण्यात भाग घेतलेला नाही अशा सहकाऱ्याच्या हातात एकीकडे कॉलची, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीची, नियमावली आणि दुसरीकडे आमची अंतिम फाइल देतो. शास्त्राबद्दल त्याने काहीच बोलायचं नाही, फक्त नियम आणि फाइल ताडून बघायची. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना या चुका दिसत नाहीत.

दुसरं, विषय त्या योजनेत बसतो का, हे योजनेच्या अधिकाऱ्याला आधीच विचारा. एक परिच्छेद लिहून ईमेल करा: आमचा प्रश्न हा, तुमच्या योजनेत बसेल का, की दुसरी योजना बरी? अनेकांना हे वशिला लावल्यासारखं वाटतं. तसं नाही. असे प्रश्न घेणं हे त्या अधिकाऱ्याच्या कामातच येतं, आणि त्याच्या दोन ओळींच्या उत्तराने तुमचं एक वर्ष वाचू शकतं.

प्रस्ताव कोण वाचतं आणि कसं

हे समजल्याशिवाय पुढचे शेरे समजणार नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचं उदाहरण घेऊ, कारण तिथली रीत बरीच उघड आहे. नेहमीच्या मोठ्या अनुदानासाठी संशोधन आराखड्याला १२ पानं आणि त्याच्या आधी उद्दिष्टांचं एकच पान. प्रत्येक प्रस्ताव सहसा तीन परीक्षकांकडे सविस्तर वाचनासाठी जातो. गुण १ ते ९, आणि १ म्हणजे सर्वोत्तम. प्राथमिक गुणांत मागे पडलेले प्रस्ताव बैठकीत चर्चेला येतच नाहीत. जे येतात त्यांना बैठकीतले इतर सदस्यही गुण देतात, आणि त्या सगळ्यांच्या सरासरीला दहाने गुणून अंतिम आकडा निघतो.

म्हणजे तुमच्या प्रस्तावाला गुण देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पूर्ण वाचलेला नसतो. त्यांनी पाहिलेलं असतं ते बहुधा उद्दिष्टांचं पान, आणि ऐकलेलं असतं ते तीन वाचकांचं बोलणं. आता त्या वाचकाची जागा डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे बोलायला काही मिनिटं आहेत. तुमचा प्रस्ताव त्याला आवडलाय. समोरून कुणीतरी विचारतं, "पण यातून नेमकं कळणार काय?" तो पानं उलटतो, त्याने पेन्सिलीने खूण केलेली ओळ शोधतो. ती ओळ मिळाली तर तो ती वाचून दाखवतो आणि प्रस्ताव तरतो. मिळाली नाही तर तो स्वतःच्या शब्दांत काहीतरी सांगतो, थोडं चुकतं, आणि बैठक पुढच्या प्रस्तावाकडे वळते. मी स्वतः त्या खुर्चीत बसून अशी पानं उलटली आहेत. तेव्हा वाटलेली हळहळ मला अजून आठवते, कारण प्रस्ताव खरोखर चांगला होता.

तुमची बाजू मांडणाऱ्या त्या माणसाच्या हातात तयार वाक्यं देणं, हेच प्रस्ताव लिहिणाऱ्याचं मुख्य काम आहे असं मी मानतो.

"पद्धतीचा तपशील अपुरा"

सगळ्यांत फसवा शेरा हा. खरं दुखणं जवळजवळ नेहमी उद्दिष्टांच्या पानावर असतं: तिथे विषय असतो, प्रश्न नसतो.

एक उदाहरण मुद्दाम रचून घेतो. प्रस्तावाचं शीर्षक: "भूजलातील आर्सेनिकच्या भू-रासायनिक घटकांचा सर्वंकष अभ्यास." उद्दिष्टं चार: विहिरींतून नमुने गोळा करणे, त्यांचं रासायनिक विश्लेषण करणे, जीवाणूंच्या वैविध्याचा अभ्यास करणे, आणि या माहितीवरून प्रारूप तयार करणे.

यात चूक असं काही दिसत नाही. पण परीक्षक पद्धतीच्या पानावर आला की त्याला प्रश्न पडतात. किती विहिरी? किती खोलीवरच्या? वर्षातून किती वेळा? तुम्ही लिहिलंय, "६० विहिरी, दोन हंगाम." हे पुरेसं आहे का? त्याला ठरवता येत नाही, कारण कशासाठी पुरेसं, हे तुम्ही सांगितलेलंच नाही. मग तो लिहितो, "तपशील अपुरा." तुम्ही पुढच्या वेळी यंत्राचं मॉडेल, आम्लाचं प्रमाण, बाटल्यांचा प्रकार असं सगळं घालता, आणि त्याचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

आता तोच विषय प्रश्नाच्या रूपात मांडू. गाळातल्या लोहाच्या ऑक्साइडांवर आर्सेनिक चिकटून असतं. प्राणवायू नसलेल्या थरांत काही जीवाणू सेंद्रिय कार्बन खातात आणि श्वसनासाठी त्या लोहाचा वापर करतात. त्यामुळे लोह विरघळतं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. इथपर्यंत बऱ्यापैकी एकमत आहे. वाद आहे तो पुढे: या जीवाणूंचं अन्न, म्हणजे तो सेंद्रिय कार्बन, येतो कुठून? हजारो वर्षांपूर्वी गाळासोबतच पुरला गेलेला, की विहिरींतून होणाऱ्या पाण्याच्या उपशामुळे पृष्ठभागावरून अलीकडे खाली ओढला गेलेला?

हा खरा प्रश्न झाला, कारण दोन्ही उत्तरांचे परिणाम वेगळे आहेत. कार्बन जुना आणि जागचा असेल तर धोका मुख्यतः थरांच्या रचनेवर ठरतो, आणि गाळाचा नकाशा नीट केला की सुरक्षित खोली सांगता येते. कार्बन वरून येत असेल तर आज शुद्ध असलेली विहीर उपसा वाढल्यावर दूषित होऊ शकते. मग एकदा तपासून "सुरक्षित" असा शिक्का मारणं चुकीचं ठरतं, तपासणी चालूच ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. आज त्या मर्यादेच्या आत असलेली विहीर दहा वर्षांनीही आत राहील का, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आणि बघा, प्रश्न असा मांडला की पद्धत आपोआप जागेवर बसते. कार्बनचं वय मोजायचं, म्हणजे कार्बन-१४. हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार काळानुसार घटत जातो. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं, त्यामुळे हजारो वर्षं पुरलेला कार्बन त्यात उठून दिसतो. शिवाय १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ एवढं वाढवलं की त्यानंतरच्या ताज्या कार्बनवर त्याची खूण राहते. विहिरी कुठल्या? काही भरपूर उपसा असलेल्या भागातल्या, काही उपसा नसलेल्या भागातल्या, आणि दोन्हीकडे खोलीच्या त्याच पायऱ्या. किती? दोन गटांतला वयाचा फरक दिसण्याइतक्या. आता "६० विहिरी" हा आकडा तपासता येतो. कमी पडत असेल तर तेही कळतं.

इथे एक पाऊल आणखी. जाणकार परीक्षक लगेच म्हणेल, पाण्यात विरघळलेला कार्बन आणि जीवाणूंनी खाल्लेला कार्बन एकच असेल कशावरून? विरघळलेल्यात जुना-नवा दोन्ही मिसळलेला असेल, आणि जीवाणू त्यातला एकच खात असतील. हा आक्षेप तुम्हीच आधी लिहा आणि उत्तर द्या: म्हणून आम्ही निवडक विहिरींत जीवाणूंच्या डीएनएतल्या कार्बनचंही वय मोजू, कारण जीवाणू जे खातात त्याचंच त्यांचं शरीर बनतं. हे एक वाक्य यंत्रांच्या चार पानांपेक्षा जास्त विश्वास कमावतं. परीक्षकाला कळतं की हा माणूस माझ्या आधी इथे पोचला होता.

तुमच्या प्रस्तावात हे दुखणं आहे का, ते पाहायला उद्दिष्टांची क्रियापदं बघा. "अभ्यास करणे", "विश्लेषण करणे", "माहिती संकलित करणे" ही कामांची नावं झाली. "क की ख, हे ठरवणे", "अमुक स्पष्टीकरण टिकतं का ते ताडून पाहणे", "दोन कारणांचा वाटा वेगळा करणे" यांत प्रश्न असतो. मग प्रत्येक उद्दिष्टाखाली दोन ओळी लिहा: उत्तर असं आलं तर काय कळेल, आणि तसं आलं तर काय कळेल. दुसरी ओळ लिहिता येत नसेल तर उद्दिष्ट अजून तयार नाही. पेन खाली ठेवून पुन्हा विचार करायचा.

सगळं संशोधन असं दोन फाट्यांवर उभं नसतं, हे मान्य. नवं उपकरण बनवायचं असेल तर आज कुठलं मोजमाप अशक्य आहे आणि किती अचूकता मिळाली म्हणजे आम्ही यशस्वी म्हणू, हा आकडा द्या. इतिहास किंवा साहित्याचं काम असेल तर ही कागदपत्रं वाचल्यावर आजचं कुठलं स्पष्टीकरण डळमळू शकतं, ते सांगा. "दुर्लक्षित साधनांचा अभ्यास" एवढ्यावर अनुदान मागू नका. साधनं दुर्लक्षित आहेत हे खरं असेल, पण त्यांच्याकडे लक्ष दिल्याने काय बदलेल, हे वाचकाला हवं असतं.

आणि हा प्रश्न पहिल्या पानावर, शक्यतो तिसऱ्या परिच्छेदाच्या आत यायला हवा. नमनाला घडाभर तेल घालण्याची आपल्याला सवय असते: विषयाचं जागतिक महत्त्व, मग इतिहास, मग आजवरचं काम, आणि पाचव्या पानावर हळूच आपला मुद्दा. तोवर वाचकाने मनात गुण दिलेले असतात.

"व्याप्ती फार मोठी"

हा शेरा वाचून लोक एक उद्दिष्ट कापतात. कधी तेच बरोबर असतं, एक ना धड भाराभर चिंध्या झालेल्या असतात. पण कापण्याआधी एक कागद घ्या, उद्दिष्टांना वर्तुळं करा आणि कुठलं उद्दिष्ट कुठल्यावर अवलंबून आहे ते बाणांनी दाखवा. सगळे बाण एकाच साखळीत आले, पहिल्यावर दुसरं आणि दुसऱ्यावर तिसरं, तर तुमचं दुखणं व्याप्तीचं नाही. पहिलं फसलं तर सगळंच फसेल, ही भीती परीक्षकाला वाटली आहे आणि ती त्याने "मोठी व्याप्ती" या शब्दांत लिहिली आहे.

आर्सेनिकच्याच उदाहरणात समजा पहिलं उद्दिष्ट "जबाबदार जीवाणू ओळखणे", दुसरं "ते प्रयोगशाळेत वाढवणे", तिसरं "वाढवलेल्या जीवाणूंवर कार्बनचा परिणाम पाहणे" असं ठेवलं. जमिनीतले आणि पाण्यातले बहुतेक जीवाणू प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नाहीत, हे त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे दुसऱ्या पायरीवर सगळं अडणार. त्यापेक्षा एकाच प्रश्नाकडे तीन स्वतंत्र वाटांनी जा: कार्बनचं वय, उपशाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी, आणि गाळ बाटलीत ठेवून त्यात जुना किंवा ताजा कार्बन घालून केलेला प्रयोग. एक वाट बंद झाली तरी दोन उरतात. अडचण आली तर काय करू, याचा परिच्छेदही मग खरा वाटतो. नुसतं "पर्यायी पद्धती वापरू" लिहिलं तर परीक्षक ते वाचतसुद्धा नाही.

कालावधीच्या तक्त्यातही हेच दिसतं. पहिल्याच महिन्यात नमुने गोळा करायला सुरुवात, असं लिहिलेलं असलं की अनुभवी वाचक तिथे गोल करतो. माणसं नेमणं, यंत्र मागवणं, नैतिक समितीची परवानगी, यात पहिले काही महिने जातातच. ते तक्त्यात दाखवा.

"नमुना संख्येचं समर्थन नाही"

इथे शेरा आणि दुखणं एकच आहे, त्यामुळे उपायही सरळ. "प्रत्येक गटात ३०" हा आकडा इतक्या प्रस्तावांत दिसतो की तो सवयीने आलाय हे परीक्षकाला कळतं. दोन गटांच्या सरासरीची तुलना, पाच टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक चुकून दिसण्याची मान्य शक्यता) आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) धरली, तर अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (मोजमापं सरासरीभोवती किती विखुरली आहेत, त्याचं हे माप) फरक पकडायला प्रत्येक गटात सुमारे ६४ जण लागतात. ३० घेतले तर साधारण पाऊण प्रमाण विचलनाएवढा मोठा फरकच पकडता येतो. तेवढा फरक तुमच्या क्षेत्रात दिसतो का, याचा पुरावा द्या. वीस टक्के लोक मधेच सोडून जातील असं वाटत असेल तर ६४ च्या जागी ८० घ्यावे लागतील, आणि तो खर्च अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. संख्याशास्त्रज्ञाला प्रस्ताव लिहितानाच सोबत घ्या. मुदतीच्या आदल्या रात्री फोन करून त्याच्याकडून नुसता आकडा मागणं त्याच्यावरही अन्याय आहे.

"नावीन्य मर्यादित"

"हे आजवर कोणीही केलेलं नाही" या वाक्याने नावीन्य सिद्ध होत नाही. न केलेल्या पुष्कळ गोष्टी करण्यासारख्या नसतात म्हणून राहिलेल्या असतात. तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळचं काम कुणाचं आहे, ते कुठपर्यंत पोचलं, आणि तिथे का थांबलं, हे आदराने लिहा. आदराने अशासाठी, की ते काम करणारा माणूस कदाचित तुमचाच परीक्षक असेल. मग तुमच्याकडे असं काय आहे, नवं मोजमाप, नवी साधनं, नवी जागा, की ज्यामुळे आता पुढे जाता येईल, ते एका वाक्यात.

"परिणाम अस्पष्ट"

"या संशोधनाचा समाजाला व धोरणकर्त्यांना मोठा उपयोग होईल." बोलाचीच कढी, बोलाचाच भात. कोण वापरेल, कुठला निर्णय घेताना, आणि त्याच्यापर्यंत ते पोचणार कसं, ही तीन उत्तरं लागतात. हा विभाग शेवटच्या रात्री लिहायचा नसतो. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन-निधी कार्यक्रमात उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी या तीन निकषांना प्रत्येकी ५ पर्यंत गुण असतात. सर्वसाधारणपणे प्रत्येकात किमान ३ आणि एकूण किमान १० लागतात. म्हणजे उत्कृष्टतेत पैकीच्या पैकी मिळाले आणि परिणामात अडीच, तर प्रस्ताव बाद.

अंदाजपत्रकाबद्दलचे शेरे

थोडक्यात सांगतो. परीक्षक अंदाजपत्रक पद्धतीशी ताडून बघतो. पद्धतीत ४०० नमुने आणि अंदाजपत्रकात २५० नमुन्यांची रसायनं, हे त्याला लगेच दिसतं. पद्धतीत मुलाखती आहेत पण त्या उतरवून काढणाऱ्याचं मानधन नाही, हेही दिसतं. सह-संशोधकाचं नाव आहे आणि त्याचा वेळ शून्य, तर नाव शोभेसाठी घातलंय असं वाटतं. मागणी कमी केली की मंजुरीची शक्यता वाढते, हा गैरसमज सोडा. कमी पैशात होणार नाही असं काम कमी पैशात करतो म्हणणाऱ्याला अनुभव नाही, असाच अर्थ काढला जातो. खरं लागतं तेवढं मागा, आणि प्रत्येक मोठ्या रकमेपुढे ती कुठल्या उद्दिष्टासाठी आहे ते लिहा.

एक परीक्षक खूश, दुसरा नाराज

या वेळी फार खचू नका. यात नशिबाचा भाग खरोखर असतो, आणि ते तपासून पाहिलेलं आहे. १९८१ साली सायन्स नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले १५० प्रस्ताव वेगळ्या परीक्षकांना पुन्हा वाचायला दिले होते. प्रस्तावाचं भवितव्य निम्मं त्याच्या गुणवत्तेवर आणि निम्मं कुठले परीक्षक वाट्याला येतात यावर ठरतं, असा निष्कर्ष निघाला. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ४३ परीक्षकांनी नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे तेच २५ प्रस्ताव वाचले, आणि एकाच प्रस्तावावर त्यांचं एकमत जवळजवळ आढळलं नाही. स्वित्झर्लंडची राष्ट्रीय निधी संस्था तर काठावरच्या समसमान प्रस्तावांमध्ये २०२१पासून चिठ्ठ्या टाकून निवड करते.

म्हणून एका नकारावरून प्रस्ताव वाईट ठरवू नका. पण तिन्ही परीक्षक वेगवेगळ्या शब्दांत एकाच पानाजवळ अडखळले असतील तर तिथे नशिबाला बोल लावता येत नाही. शेऱ्यांचे शब्द बाजूला ठेवा आणि प्रत्येक शेरा कुठल्या पानाबद्दल आहे, ते समासात लिहून काढा. खुणा एका जागी गोळा झाल्या, तर तिच्या एक-दोन पानं आधी शोधा.

पुन्हा पाठवताना

पत्र आल्यावर आठवडाभर उत्तर लिहायला बसू नका. रागात वाचलेला शेरा आपल्याला चुकीचा दिसतो. मग संस्थेचे पुन्हा अर्ज करण्याचे नियम बघा, कारण ते सगळीकडे सारखे नाहीत. युरोपियन रिसर्च काउन्सिलमध्ये पहिल्या टप्प्यावर बी किंवा सी श्रेणी मिळाली तर काही काळ नवा अर्ज करण्यावर बंधन येतं. त्यामुळे अर्धाकच्चा प्रस्ताव "बघू तरी" म्हणून पाठवणं तिथे महागात पडतं. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये सुधारित अर्जासोबत एका पानाचं उत्तर जोडता येतं. ते एक पान फार मोलाचं आहे.

त्या पानावर "परीक्षकाने आमचा मुद्दा समजून घेतलेला नाही" अशा सुराची एकही ओळ नको. समजला नसेल तर तो आपण समजावला नव्हता. लिहायचं असं: "दोन परीक्षकांना विहिरींच्या निवडीचा निकष स्पष्ट वाटला नाही. मूळ प्रस्तावात प्रश्न व्यापक होता, त्यामुळे निकषही सैल राहिला. आता प्रश्न कार्बनच्या स्रोतापुरता ठेवला आहे आणि विहिरी उपशाच्या प्रमाणावरून निवडल्या आहेत, पान ४." यात शेरा मान्य केलाय, त्याचं मूळ सांगितलंय, बदल दाखवलाय आणि पान क्रमांकही दिलाय. एखादा शेरा खरोखरच पटत नसेल तर तसं पुराव्यासह लिहा, पण असा एखादाच ठेवा.

पाठवण्याआधीची एक चाचणी

जॉर्ज हाइलमायर १९७५ ते १९७७ या काळात अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेचे संचालक होते. प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांना ते ठरलेले काही प्रश्न विचारत, आणि ते आजही वापरले जातात. काय करायचंय, एकही पारिभाषिक शब्द न वापरता सांगा. आज ते कसं करतात आणि कुठे कमी पडतं? तुमच्यात नवं काय? जमलं तर कुणाला फरक पडेल? धोके काय, खर्च किती, वेळ किती, आणि मध्यावर व शेवटी यश कशाने तपासायचं?

मी यातले पहिले चार घेतो. दुसऱ्या विभागातल्या, माझा विषय न शिकलेल्या सहकाऱ्याला उद्दिष्टांचं पान देतो. पाच मिनिटांनी पान परत घेतो, आणि मग ते चार प्रश्न त्याला विचारतो. मी मधे बोलायचं नाही, दुरुस्ती करायची नाही, फक्त त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे. एकदा सहकारी म्हणाली, "तुम्ही विहिरींचं पाणी तपासणार आहात." माझ्या पानावर पाणी तपासण्याचे तीन परिच्छेद होते आणि प्रश्नाची एकच ओळ, तीही तळाशी. मी ती ओळ वर नेली, तीन परिच्छेदांचा एक केला, आणि पुढच्या आठवड्यात तेच पान तिसऱ्याच माणसाकडे नेलं. तो म्हणाला, "विष सोडणाऱ्या जीवाणूंना अन्न कुठून मिळतं, हे तुम्हाला शोधायचंय ना?" त्याचे शब्द माझ्यापेक्षा बरे होते. मी तेच पहिलं वाक्य म्हणून ठेवले.